न उघडलेले खोके

प्रश्न : आम्ही इंदूरला राहतो. रामबाग, सुदामानगर, राजेंद्रनगर असे करत नऊ वर्षांत हे पाचवे किरायाचे घर. दर वेळी करार अकरा महिन्यांचा, आणि दर वेळी मालकांच्या मुलाचे लग्न तरी निघते किंवा घर विकायचे तरी असते. या वेळी भांड्यांचे दोन खोके मी उघडलेच नाहीत. चौथीतली मुलगी नव्या वर्गात कोणाशी बोलत नाही. सासूबाई घराबाहेर पडत नाहीत. बहीण म्हणते, डोक्यावर छप्पर आहे ना, मग रडतेस कशाला? मी उगाच रडते आहे का?
– एक वाचिका

उत्तर : नाही. छप्पर असणे आणि ते उद्याही असेल अशी खात्री असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या संबंधित समितीने 1991 मध्ये पुरेशा निवाऱ्याच्या कसोट्या मांडल्या, तेव्हा ताब्याची कायदेशीर सुरक्षितता तिने सर्वांत आधी नोंदवली. पाणी, वीज, हवा हे सारे त्यानंतर आले. बेघर होणे हे घराच्या असुरक्षिततेचे अगदी टोकाचे रूप झाले, पण ती सुरू होते तुमच्या त्या दोन खोक्यांपासून.

सासूबाईंचे घरात बसून राहणे आपण सहज वयावर ढकलतो. पण जुन्या मोहल्ल्यात त्यांना देवळाची वाट, ओटा असलेले घर, ओळखीचा दूधवाला आणि हाक मारली तर ओ देणारी शेजारीण ठाऊक होती. इथे दुसऱ्या वळणावर आपली गल्ली ओळखू येईल की नाही, याचीच त्यांना धास्ती असणार. मुलीचेही तसेच. दोनदा मैत्रिणी सुटल्यावर तिसऱ्यांदा मैत्री जोडायला मूल कचरते. त्याला हट्ट म्हणू नये. आणि तुमचे स्वतःचे? टेंपो, दलाली, डिपॉझिट यांत पैसा जातो तो दिसतो. किराणेवाल्याकडची उधारीची पत, अडीनडीला किल्ली ठेवायचे घर, निश्चिंत झोप हे जाते ते हिशेबात कुठेच येत नाही.

आता कराराविषयी. नोंदणी कायदा 1908 प्रमाणे एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, तो खर्च आणि खटाटोप टाळण्यासाठी अकरा महिन्यांची प्रथा पडली. मुदत संपली म्हणजे दुसऱ्या दिवशी सामान बाहेर, असा मात्र तिचा अर्थ नाही. मध्य प्रदेशच्या 1961 च्या स्थान नियंत्रण अधिनियमाने किरायेदाराला काढण्याची कारणे ठरवून दिली, जसे की मागणीची नोटीस मिळूनही दोन महिन्यांत न भरलेली थकबाकी किंवा मालकाची स्वतःची खरी गरज. आणि ती न्यायालयापुढे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर टाकली. म्हणून किराया बँकेतून द्या, पावत्या जपा, आणि ‘खाली करा’ असे तोंडी सांगितले गेले तर लेखी मागून वकिलाला दाखवा. लढायलाच हवे असे नाही. पण महिनाभराची घाई तीन महिन्यांवर आली तरी पुष्कळ झाले. (सगळे मालक दुष्ट असतात असे मी म्हणत नाही, त्यांतले कित्येक निवृत्तीनंतर याच किरायावर घर चालवतात.)

मुलीची शाळा बदलण्याची वेळ आलीच तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार, दाखला मिळण्यास उशीर झाला या कारणावरून दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. तरीही माझा आग्रह असा की पुढचे घर ऑफिसच्या नव्हे, शाळेच्या अंतरावरून शोधावे, एक खोली कमी मिळाली तरी चालेल. सासूबाईंना आठवडाभर रोज संध्याकाळी एकाच रस्त्याने, एकाच देवळापर्यंत, मुलीला बरोबर देऊन पाठवा. आणि ते खोके या रविवारी उघडा. पुन्हा भरावे लागले तर भरता येतील, पण तोवर सणाला तरी स्वतःची भांडी हाताशी असतील.