ऊस कितीही घाला, मत एकच

प्रश्न : काका, मी तासगावला बारावीत आहे, इंग्लंडच्या आर्सेनल फुटबॉल क्लबचा पक्का चाहता. मोठ्या क्लबांना लीगच्या कारभारात जास्त अधिकार हवेत म्हटलं की सगळे त्यांच्यावर तुटून पडतात. पण जगभर लोक मॅच बघतात त्या त्यांच्यामुळंच ना? मग त्यांचं जरा जास्त चाललं तर बिघडलं कुठं?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : सांगतो, पण आधी कारखान्यातलं एक ऐक. ३१ वर्षं मी सहकारी साखर कारखान्याच्या शेती खात्यात कारकुनी केली. ऊसनोंदी, तोडणीचे क्रम, काट्याच्या पावत्या. संचालक मंडळाच्या एका निवडणुकीत यादी घेऊन बसलो होतो. ४० एकरांचा एक बागायतदार जीपमधून उतरला आणि रांगेत येऊन उभा राहिला. त्याच्या पुढं कोण, तर त्याच्याच रानात राबणारा गडी, दहा गुंठ्यांचा सभासद. बागायतदार मला म्हणाला, "भाऊसाहेब, माझा हंगामाला दोन हजार टन ऊस येतो. ह्याच्या धड दोन ट्रॉल्या भरत नाहीत. आणि मत दोघांचं सारखंच?" मी म्हटलं, "मालक, बिल तुम्हाला वजनावर मिळतंय की." गडी खाली मान घालून हसत होता. सहकाराचा कायदा तसाच आहे, शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच.

प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉलची सगळ्यात वरची लीग, तिची घडी बरीचशी अशीच आहे. २० क्लब, प्रत्येकाला एक मत, महत्त्वाचा ठराव पास व्हायला १४ मतं लागतात. आणि बिल? देशातल्या टीव्हीच्या पैशातला निम्मा सगळ्यांना सारखा, पाव हिस्सा मोसमाच्या शेवटी आलेल्या क्रमांकाप्रमाणे आणि उरलेला पाव कुणाचे किती सामने टीव्हीवर दाखवले त्यावर. परदेशातला पैसा आधी सारखा वाटत. २०१८ मध्ये ठरलं की त्यातली पुढची वाढ क्रमांकावर वाटायची. म्हणजे ज्याचा ऊस जास्त त्याला बिल जास्त, हे आधीपासून चालूच आहे. भांडण मताचं आहे.

ऑक्टोबर २०२० आठव. कोरोनात मैदानं रिकामी, खालच्या लीगमधले क्लब तिकिटांवर जगणारे, त्यांच्या घरात दाणा नाही. अशा वेळी लिव्हरपूल आणि मँचेस्टर युनायटेडच्या पुढाकारानं 'प्रोजेक्ट बिग पिक्चर' नावाचा आराखडा बाहेर आला. खालच्यांना २५ कोटी पौंड लगेच देतो, पुढंही वाटा वाढवतो, प्रीमियर लीग २० वरून १८ वर आणू. इथवर वाचलं तर कुणीही म्हणेल, भले माणसं आहेत. खरी मेख पुढं होती. सगळ्यात जास्त काळ लीगमध्ये असलेल्या नऊ क्लबांना खास मतं, आणि त्या नवातले सहा एक झाले की मोठे निर्णय पक्के. दुसऱ्या क्लबाला नवा मालक येणार असेल तर त्यालाही ते अडवू शकणार. मोठे क्लब किती? सहाच. दुष्काळात उचल द्यायची आणि त्याच कागदाखाली सातबारा सरकवायचा, हा प्रकार आमच्या भागात नवा नाही. १४ ऑक्टोबरला क्लबांनी तो आराखडा फेटाळला.

मग १८ एप्रिल २०२१ ची सुपर लीग, युरोपातल्या बड्या क्लबांनी स्वतःसाठी काढलेली वेगळी स्पर्धा. बारा क्लब, त्यात इंग्लंडचे सहा, तुझं आर्सेनलही. स्पर्धा २० संघांची, त्यातल्या १५ संस्थापकांची जागा कायमची, कितीही हरा. लेका, आता मनाला लावून घेऊ नको, पण त्या मोसमात तुझं आर्सेनल आपल्याच लीगमध्ये आठवं आलं होतं. आठव्या नंबरानं स्वतःसाठी पहिल्या पंगतीतलं पान कायमचं राखून ठेवलं! उलट लेस्टर हा छोटा क्लब बघ. २०१४ ला खालच्या लीगमधून वर आलं, २०१६ ला विजेतं झालं, पुढच्या मोसमात चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेच्या, उपांत्यपूर्व फेरीत पोचलं, आणि २०२३ ला परत खाली गेलं. कायमच्या जागा असत्या तर लेस्टर वर आलंही नसतं आणि खालीही गेलं नसतं.

सुपर लीग मोडली ती लोकांनी. २० एप्रिलला त्या सहांतल्याच चेल्सीच्या मैदानाबाहेर लोकांनी संघाची बस अडवली, आणि पूर्वीचा गोलरक्षक पेत्र चेक रस्त्यावर येऊन "जरा वेळ द्या" म्हणून हात जोडत होता. त्याच रात्री इंग्लंडचे सहाही मागं फिरले.

एक मत आहे म्हणजे रामराज्य आहे, असं मात्र समजू नको. मेलेल्या सभासदांची मतं पडलेली मी या डोळ्यांनी बघितलीत.

प्रश्न : पण युरोपच्या कोर्टानं सुपर लीगला परवानगी दिलीच ना? शाळेत शिक्षकांच्या खोलीत यावरून आमची पैज लागली आहे.
— एक क्रीडाशिक्षक, मिरज

उत्तर : सर, पैज हरलात. २१ डिसेंबर २०२३ ला लक्झेंबर्गच्या न्यायालयानं एवढंच म्हटलं की, नवी स्पर्धा काढायला आमची आगाऊ परवानगी घ्या, हा फिफा (जगाची फुटबॉल संघटना) आणि युएफा (युरोपची) यांचा नियम ज्या पद्धतीनं लिहिला होता त्यात स्पष्ट निकष नव्हते, म्हणून तो धंद्यातल्या मक्तेदारीविरुद्धच्या कायद्यात बसत नाही. सुपर लीग मंजूर करा असा त्याचा अर्थ नाही, हेही न्यायालयानं तिथंच सांगितलं.

युएफाही काही धुतल्या तांदळाची नाही. नव्या ३६ संघांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये दोन जागा जुन्या कामगिरीवर द्यायचा घाट आधी त्यांनीच घातला होता. म्हणजे यंदा हरलात तरी आजोबांच्या पुण्याईवर आत. ओरड झाल्यावर २०२२ मध्ये तो काढून टाकला. चहा कुणी पाजायचा तेवढं तुम्ही ठरवा.

प्रश्न : आमच्या फुटबॉल स्पर्धेत दोन मोठी मंडळं म्हणतात, गर्दी आमच्यामुळं होते, तेव्हा आम्हाला थेट उपांत्यपूर्व फेरीत घ्या आणि ड्रॉ आम्हाला विचारून काढा. नाही म्हटलं तर येणार नाहीत. काय करावं?
— एक कार्यकर्ता, सांगली

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र वाचून मला माझीच चूक आठवली. काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेच्या कमिटीत मी होतो आणि अशाच दोन मंडळांपुढं आम्ही मान तुकवली. मीच सगळ्यात आधी 'चालतंय' म्हणालो, हे कबूल करतो. फायनलला गर्दी झाली, पावतीपुस्तकं संपली, आम्ही खूश.

पुढच्या साली १६ प्रवेशअर्ज वाटले. परत आले सात. कृष्णाकाठच्या एका गावचा गोलकीपर, सकाळी दूध घालून सायकलवर प्रॅक्टिसला येणारा पोरगा, कोराच अर्ज माझ्या हातात देऊन म्हणाला, "काका, फी आम्ही भरायची आणि त्यांच्या वॉर्मअपला यायचं होय?" मला काही बोलता आलं नाही. त्या दोन मंडळांची गोष्ट त्याहून वाईट. एकमेकांशीच खेळायला लागल्यावर दुसऱ्या साली त्यांची आपसात मारामारी झाली, आणि गर्दीही घरी बसली.

म्हणून माझं म्हणणं असं. त्यांना मोठेपणा द्या, पण वेळापत्रकात. त्यांची मॅच रविवारी संध्याकाळी ठेवा, गेटच्या पैशातून प्रवासखर्च थोडा जास्त द्या, बक्षीस समारंभात खुर्ची पुढं ठेवा. ड्रॉ मात्र पत्र्याच्या डब्यात चिठ्ठ्या टाकून, सगळ्या कॅप्टनांसमोर, एखाद्या लहान पोराच्या हातानं काढा. नाहीच आले तर एक साल त्यांच्याशिवाय खेळा. मला तेव्हा तेवढा धीर झाला नाही.

त्या साली उरलेले कोरे अर्ज अजून माझ्याकडं आहेत. हे सदर मी त्यांच्याच पाठीवर लिहितो.