सप्टेंबरअखेरीस इथाकाला मुलीकडे जात आहोत. त्या दिवसांत तिथे कोणते उत्सव असतात आणि जवळपास काय पाहावे?

आपण दोघेही साठीच्या पुढचे आहात, मुलगी कॉर्नेल विद्यापीठात शिकते, दहा दिवस मुक्काम आहे, तिथे गाडी चालवणार नाही आणि ‘पानांचे रंग’ पाहण्याची फार इच्छा आहे, असे आपण लिहिले आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या या गावी मी शिक्षण आणि नोकरी धरून पाच वर्षे राहिलो, आणि माझे आईवडीलही नेमके याच दिवसांत आले होते. त्यामुळे सुरुवातीलाच आपला थोडा विरस करणे भाग आहे. सप्टेंबरच्या शेवटी इथाकाभोवतीच्या टेकड्या बहुतांशी हिरव्याच असतात. ओढ्याकाठचा एखादा मेपल घाईने लाल झालेला दिसतो, पण खरा बहर ऑक्टोबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येतो. दिवस लहान होऊ लागले की झाड पानातले हरितद्रव्य नव्याने बनवणे थांबवते, मग आधीपासून दडलेला पिवळा रंग वर येतो. लाल रंग मात्र त्याच सुमारास तयार होतो आणि त्याला उन्हाचे दिवस व गारठ्याच्या रात्री लागतात. तिकिटे दोन आठवडे पुढे ढकलता येत असतील तर अवश्य ढकलावीत. कासच्या पठारावर ऑगस्टच्या आरंभी जाऊन फुलांची वाट पाहण्यासारखेच हे आहे. तिकिटे हलवता येत नसतील, तर रंगांचा नाद सोडून सफरचंदांच्या मागे लागावे, कारण त्यांचा हंगाम त्या दिवसांत अगदी भरात असतो.

गावातला मोठा उत्सवही सफरचंदांचाच. ‘ॲपल हार्वेस्ट फेस्टिव्हल’ साधारण सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरच्या आरंभी, शुक्रवार ते रविवार असे तीन दिवस, ‘कॉमन्स’ या वाहनांना बंदी असलेल्या बाजाररस्त्यावर भरतो. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. आसपासचे बागायतदार पेट्या मांडून बसतात, गाणे-बजावणे चालते, आणि सायडर घालून केलेल्या गरम डोनटपुढे लांब रांग लागते. येथे एक खुलासा करतो, कारण माझ्या वडिलांनी पहिला पेला बराच वेळ हातात धरून ठेवला होता. अमेरिकेत नुसते ‘सायडर’ म्हटले की तो सफरचंदाचा न गाळलेला, गढूळ, ताजा रस असतो. मद्य असेल तर त्याला ‘हार्ड सायडर’ म्हणतात आणि तसे स्पष्ट लिहिलेले असते. शनिवारी दुपारी तिथे गणपती पाहायला लोटतात तशी गर्दी होते, तेव्हा शुक्रवारी दुपारी किंवा रविवारी सकाळी जावे.

उत्सवापेक्षाही मी बागेत जाऊन स्वतः फळे तोडण्याला अधिक महत्त्व देईन. गावाच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला अशा बागा आहेत. पिशवी विकत घ्यायची किंवा शेवटी वजन करून पैसे द्यायचे, अशी पद्धत असते. फळ ओढायचे नाही, तळहातात धरून वरच्या बाजूला उचलत किंचित पिळायचे, म्हणजे ते देठासकट सुटते आणि पुढच्या वर्षी फुटणारा अंकुर मोडत नाही. हे मी वडिलांना समजावू लागलो, तेव्हा ज्यांचे बालपण दापोलीकडे आंबे उतरवण्यात गेले त्या माणसाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती मी विसरलेलो नाही. तिथल्या सफरचंदांत कॉर्नेलचा मोठा वाटा आहे. विद्यापीठाचे न्यूयॉर्क राज्यातल्याच जिनिव्हा या गावातील कृषी संशोधन केंद्र एक शतकाहून अधिक काळ नवे वाण तयार करत आहे आणि आजवर साठाहून अधिक वाण तिथून बाहेर पडले आहेत. ‘कॉर्टलंड’ हे त्यांतले जुने. चिरल्यावर लवकर काळे पडत नाही, म्हणून कोशिंबिरीला उत्तम. १९६६ साली आलेले ‘एम्पायर’ आंबटगोड आणि टिकाऊ आहे, आणि २०१३ मधले ‘स्नॅपड्रॅगन’ इतके कुरकुरीत की कवळी असेल तर जपून खावे. ‘मॅकिंटॉश’ हे कॅनडाकडचे जुने वाण मऊ आणि आंबटसर असते. आईने त्याचाच मोरंबा केला. गावातून बसने जाता येईल असे कॉर्नेलचे स्वतःचे फळविक्री केंद्र रस्ता क्रमांक ३६६ वर आहे, तिथे निदान चव घेता येईल.

याच परिसरात इतकी फळे का पिकतात याचे उत्तर आपल्याला गावातूनच दिसेल. हिमयुगात बर्फाच्या थरांनी जुन्या दऱ्या खरवडून लांबट सरोवरे कोरली. त्यांतले केयुगा हे सर्वांत लांब, सुमारे ६१ किलोमीटर, आणि खोली १३० मीटरच्या वर. एवढे खोल पाणी वसंतात हळू तापते, त्यामुळे काठावरची झाडे घाईने मोहरत नाहीत आणि उशिराच्या हिमकडाक्यात सापडत नाहीत. शरदात तेच पाणी हळू निवते आणि फळाला पिकायला वेळ मिळतो. द्राक्षांच्या बागाही म्हणूनच सरोवरांच्या उतारावर आहेत. मुख्य दरी इतकी खोल कोरली गेली की बाजूचे ओढे वरच लटकत राहिले, आणि ते पापुद्र्यांच्या मऊ खडकातून खाली उतरताना घळी आणि धबधबे तयार झाले. विद्यापीठ अशा दोन घळींच्या मधोमध वसलेले आहे.

धबधब्यांबाबत माझे मत असे, की सप्टेंबरमध्ये पाऊस होऊन दोन दिवस झाले असतील तरच मुद्दाम दूर जावे. कोरड्या वर्षी टगॅनकचा धबधबा दोरीइतका बारीक होतो. एरवी त्याची उभी उडी सुमारे ६५ मीटर आहे, म्हणजे नायगाऱ्यापेक्षा दहा मीटरने अधिक, आणि पायथ्यापर्यंतची सव्वा किलोमीटरची वाट जवळजवळ सपाट असल्यामुळे आपल्यासाठी हीच सर्वांत सोयीची. चालायचे नसेल तर वरच्या रस्त्यालगतच्या सज्जातूनही तो समोर दिसतो. रॉबर्ट ट्रीमन उद्यानातला ल्युसिफर धबधबा पाहायचा असेल तर खालच्या फाटकाने जाऊ नये. वरच्या फाटकापासून तो साधारण एक किलोमीटरच्या आत आहे. तिथल्या बऱ्याच दगडी पायऱ्या आणि कठडे १९३० च्या दशकात, मंदीच्या काळात, बेरोजगार तरुणांना काम मिळावे म्हणून उभारलेल्या पथकांनी बांधले, आणि त्यांचे काम आपल्या गडांवरच्या दगडी पायऱ्यांची आठवण करून देते. वॉटकिन्स ग्लेन या घळीत एकोणीस धबधबे आहेत, पण आठशेच्या वर पायऱ्याही आहेत. माझी आई अर्ध्यातून परतली आणि तिने त्याबद्दल मला अजून क्षमा केलेली नाही. यांपैकी कुठेही टॅक्सीने जाऊन परतीची टॅक्सी तिथेच मिळेल असे गृहीत धरू नये, कारण घळीत फोनची रेंजच नसते. मुलीचा गाडी असलेला एखादा मित्र गाठावा आणि त्याला घरी जेवायला बोलवावे. परदेशी शिकणारा मुलगा वरणभातावर कुठेही घेऊन जातो.

गाडीविना करण्यासारखेही पुष्कळ आहे. शनिवारी सकाळी सरोवराकाठच्या ‘स्टीमबोट लँडिंग’ येथील शेतकरी बाजार चुकवू नये. लाकडी मंडपाखाली भरणाऱ्या या बाजारात तीस मैलांच्या परिघातल्या उत्पादकांनाच माल विकता येतो, आणि भोपळ्यांचे जे प्रकार तिथे दिसतात ते पाहून आपल्या मंडईतला लाल भोपळा फार एकटा वाटू लागतो. कॉमन्सवरून सुरू होणारी, खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या स्मरणार्थ १९९७ साली उभारलेली ग्रहांची वाट, म्हणजे सूर्यमालेची छोटी प्रतिकृती, सूर्यापासून प्लूटोपर्यंत सव्वा किलोमीटर आहे. सेगन कॉर्नेलमध्ये शिकवत असत. विद्यापीठाच्या आवारातले आय. एम. पेई यांनी आराखडा केलेले जॉन्सन कलासंग्रहालय मोफत आहे. पाचव्या मजल्यावरच्या आशियाई दालनात जावे. तिथल्या काचांतून सरोवराचा देखावा असा दिसतो की पाठीमागच्या मूर्तींकडे लक्ष जायला वेळ लागतो. जवळच्या मॅकग्रॉ मनोऱ्यातल्या २१ घंटा विद्यार्थी वाजवतात. १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये याच मनोऱ्याच्या टोकावर एके सकाळी भोपळा खोचलेला दिसला आणि तो पुढच्या मार्चपर्यंत तिथेच राहिला. गुडघे शाबूत असतील तर परतताना कॅस्केडिला घळीतून उतरावे, कारण ती वाट आवारातून थेट गावात येते. पण पावसानंतर पायऱ्या निसरड्या असतात, तेव्हा चप्पल नको.

नेपल्स या खेड्यातला द्राक्षांचा उत्सवही त्याच सुमारास असतो. गाडीने दीड तास लागतो. सोबत मिळाली तरच जावे, पण गेलात तर जांभळासारख्या रंगाच्या कॉनकॉर्ड द्राक्षांचा ‘पाय’ (पारीत सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) खाल्ल्याशिवाय परतू नये.

कपड्यांविषयी एवढेच, की दुपारी वीस अंशांचे सुखद ऊन आणि रात्री आठ-दहा अंशांचा गारठा, असे हवामान असते. ‘ऑक्टोबर हीट’च्या सवयीने माझ्या वडिलांनी एकही स्वेटर आणला नव्हता. राहण्याची जागा ठरवण्याआधी मुलीकडून विद्यापीठाचे वेळापत्रक मागवून घ्यावे, कारण माजी विद्यार्थ्यांचा मेळावा किंवा पालकभेटीचे दिवस असले तर खोल्यांचे भाडे दुपटीवर जाते.

आणि सफरचंदांचा मोरंबा केलात, तर बरणी मोठ्या सामानातच बांधावी. आमची हातातल्या पिशवीत होती. विमानतळाच्या तपासणीत तो ‘द्रव पदार्थ’ ठरला आणि पाकातल्या मॅकिंटॉशच्या फोडी आईच्या डोळ्यांदेखत कचऱ्याच्या डब्यात गेल्या.