विजेची गाडी सीमेपलीकडे नेताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : आमच्याकडे दोन वर्षांपासून विजेवर चालणारी गाडी असून तिची बॅटरी सुमारे ४० युनिटची आहे. येत्या दिवाळीच्या सुट्टीत आई-वडील, पत्नी, मुलगी आणि मी अशा पाच जणांनी याच गाडीने लुंबिनी, काठमांडू, पोखरा आणि जमल्यास मुक्तिनाथ करून यावे, असा विचार आहे. सीमेवरील सोनौलीपर्यंतच्या प्रवासाची आम्हाला चिंता नाही. मात्र नेपाळमध्ये चार्जिंगची सोय कितपत आहे, घाटात बॅटरी पुरेल का, आणि गाडी वडिलांच्या नावावर असल्यामुळे सीमेवर काही अडेल का, हे कळावे.
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : गाडी अवश्य न्यावी. नेपाळ हा विजेच्या गाडीला परका देश राहिलेला नाही. पेट्रोल-डिझेल पूर्णपणे बाहेरून आणावे लागणाऱ्या आणि स्वतःची वीज मुख्यतः नद्यांवर निर्माण करणाऱ्या या देशात अलीकडे नव्याने येणाऱ्या मोटारींमध्ये विजेच्या गाड्यांचाच वाटा मोठा आहे. नेपाळ विद्युत प्राधिकरणाने ५१ ठिकाणी चार्जिंग स्टेशने उभारली असून खासगी कंपन्यांची आणि हॉटेलांची केंद्रे त्याखेरीज आहेत. आपल्याकडील बहुतेक मोटारींना लागणारी सीसीएस-२ पद्धतीची गन, म्हणजे चार्जरच्या केबलचे गाडीत खोचायचे टोक, तिथे सर्रास मिळते. तिच्या शेजारी चिनी पद्धतीची जीबी-टी गनही पुष्कळदा टांगलेली असते, ती आपल्या गाडीला बसत नाही. वर सात छिद्रांचा गोल आणि त्याखाली दोन जाड छिद्रे, अशी आपल्या गाडीच्या सॉकेटची रचना असते. तिला जुळणारी गन मोकळी आहे का, हे मशीनसमोर गाडी लावण्यापूर्वीच पाहून घ्यावे.

खरी काळजी घ्यायची ती चढाची. पाच माणसे आणि सामान धरून गाडीचे वजन सुमारे १९०० किलो होईल. एवढे वजन १००० मीटर वर नेण्यासाठी, अंतर कापायला लागणारी वीज सोडून, निव्वळ चढापोटी ५ युनिटपेक्षा थोडी अधिक वीज लागते. सोनौलीकडचा प्रदेश समुद्रसपाटीपासून जेमतेम १०० मीटरवर आहे आणि काठमांडूचे खोरे सुमारे १४०० मीटरवर. म्हणजे मोटरमधील घट धरून साधारण ८ युनिट चढासाठी बाजूला काढावे लागतील, आणि सपाटीवर तेवढ्यात आपली गाडी ५०-५५ किलोमीटर गेली असती. सोनौली ते काठमांडू हे अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास असल्याने एका चार्जमध्ये ते गाठण्याचा विचारही करू नये. वाटेच्या मध्यावर नारायणघाट-भरतपूर लागते, तिथे जेवणाची वेळ साधून बॅटरी ९० टक्क्यांपर्यंत भरून घ्यावी आणि मगच मुग्लिनच्या दिशेने निघावे. नौबिसेपासून खोऱ्यात शिरेपर्यंत शेवटचा मोठा चढ आहे आणि तिथे मालमोटारींची रांग लागते. विजेच्या गाडीला थांबून राहण्याचा फारसा खर्च नसतो, त्यामुळे रांगेत घाबरून एसी बंद करण्याचे कारण नाही. पण नौबिसेला पोहोचताना बॅटरीत २५ टक्के तरी शिल्लक असावेत.

याची तालीम घरच्या घरी होऊ शकते. खोपोली ते लोणावळा हा चढ सुमारे साडेपाचशे मीटरचा आहे. निघण्यापूर्वीच्या एखाद्या रविवारी पाचही जण सामानासकट गाडीत बसून खोपोलीहून घाट चढा आणि पायथ्याशी व माथ्यावर बॅटरीचे टक्के लिहून ठेवा. उतरतानाही लिहा, कारण रिजनरेशनमुळे, म्हणजे उतारावर मोटरच वीज निर्माण करू लागल्यामुळे, किती वीज परत येते, हे त्यावरून कळेल. कंपनीच्या माहितीपत्रकातील रेंजपेक्षा स्वतः लिहिलेले हे चार आकडे नेपाळमध्ये अधिक उपयोगी पडतील. मात्र पूर्ण भरलेल्या बॅटरीत उताराची वीज साठायला जागा नसते आणि मग सगळा भार ब्रेकवर येतो. म्हणून काठमांडूहून परतताना गाडी १०० टक्के चार्ज करून निघू नये, ८० टक्के पुरेत.

हॉटेलात रात्री चार्ज करण्याबद्दल एक अनुभव सांगतो. पोखऱ्यातील एका लहान हॉटेलात आमच्यासाठी १६ अँपिअरचा सॉकेट होता, वीजही होती, पण पोर्टेबल चार्जरचा लाल दिवा काही केल्या विझेना. अर्थिंगची तार सॉकेटपर्यंत आलेलीच नव्हती. मालकांनी रात्री नऊ वाजता वायरमनला बोलावून स्वयंपाकघराच्या सॉकेटमधून जोडणी करून दिली, तेव्हा कुठे दिवा हिरवा झाला. तेव्हापासून खोली ठरवताना ‘चार्जिंग आहे का’ एवढ्यावर न थांबता ‘अर्थिंग असलेला १६ अँपिअरचा सॉकेट पार्किंगपासून किती अंतरावर आहे’ असे मी विचारतो. अशा सॉकेटवर तासाला सुमारे ३ युनिट भरतात, म्हणजे रात्रभरात आपली बॅटरी बऱ्यापैकी भरेल. अर्थिंगची ही अट टाळण्यासाठी बाजारात मिळणारे जुगाड कृपया वापरू नका. गाडीच्या पत्र्याला हात लावणारी आपलीच मुलगी असते.

आता कागदपत्रे. सीमेवरील भन्सार म्हणजे सीमाशुल्क कार्यालयात गाडीचे आरसी आणि चालकाचा परवाना दाखवून जितके दिवस राहायचे तितक्या दिवसांचे शुल्क भरावे लागते. परदेशी गाडीला वर्षातून एकूण ३० दिवसांहून अधिक काळ नेपाळमध्ये राहता येत नाही. मुक्काम लांबण्याची शक्यता असेल तर एक-दोन दिवसांचे शुल्क आधीच जास्त भरावे, आणि ती पावती परत येईपर्यंत जपून ठेवावी. वडील सोबत असल्याने मालकीची अडचण येऊ नये, तरीही ते एखाद्या दिवशी हॉटेलात थांबले आणि गाडी आपण नेली तर दाखवता यावे म्हणून त्यांच्या सहीचे संमतिपत्र जवळ ठेवावे. भारतीय नागरिकांना व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागते. १५ ते ६५ या वयोगटातील व्यक्तींसाठी नुसते आधार कार्ड ग्राह्य धरले जात नाही, आणि हे नेमके सीमेवर कळणारी कुटुंबे आजही भेटतात.

विम्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. आपली पॉलिसी मुळात भारताच्या हद्दीपुरती असते. नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव आणि पाकिस्तान या देशांपर्यंत तिची व्याप्ती जादा हप्ता भरून वाढवता येते, मात्र तसे शेरापत्र (पॉलिसीला जोडायची नोंद, एन्डॉर्समेंट) प्रवासापूर्वी घ्यावे लागते. ते घेतानाच बॅटरीला खालून बसणारा मार पॉलिसीत समाविष्ट आहे का, हेही लेखी विचारून घ्यावे.

मुक्तिनाथबद्दल माझे मत स्पष्ट आहे. आपली गाडी पोखऱ्यात ठेवावी आणि पुढे स्थानिक जीप करावी. बेनीच्या पुढचा रस्ता कित्येक ठिकाणी दगडधोंड्यांचा आहे, मंदिर ३७०० मीटरहून उंचावर आहे आणि आपल्या गाडीची बॅटरी तळाशी आहे. वृद्ध आई-वडिलांना घेऊन तिथे स्वतःच्या गाडीचा हट्ट धरू नये.

प्रश्न : मुलीकडे नेदरलँड्सला जाणार आहोत. तिथून विजेची गाडी भाड्याने घेऊन जर्मनीमार्गे स्वित्झर्लंडला जावे, असे जावईबापू म्हणतात. गाडी मीही चालवणार आहे. काय तयारी करावी?
– एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : आंतरराष्ट्रीय वाहन परवाना इथूनच काढून न्यावा. आपल्या आरटीओकडे नमुना ४-अ मध्ये अर्ज करावा लागतो आणि हा परवाना एक वर्ष चालतो. मूळ परवानाही सोबत हवाच. गाडी देशाबाहेर नेण्याची परवानगी भाडेकराराच्या कागदावर लिहून घ्यावी.

गनचा प्रश्न तिथे येत नाही, कारण युरोपातही सीसीएस-२ हीच पद्धत आहे. मात्र नेदरलँड्समध्ये रस्त्याकडेला असलेल्या बहुतेक खांबांना केबल नसते, ती आपल्या डिकीत असावी लागते. गाडी ताब्यात घेताना डिकी उघडून टाइप-२ केबल आहे याची खात्री करा. युरोपीय संघाच्या नियमानुसार १३ एप्रिल २०२४ नंतर बसवलेल्या ५० किलोवॉट व त्यावरील सार्वजनिक चार्जरवर बँकेच्या कार्डाने पैसे भरता आले पाहिजेत. त्याआधीच्या चार्जरसाठी जावईबापूंचे ॲप उपयोगी पडेल. जर्मनीच्या महामार्गावर ताशी १३० किलोमीटरने जाण्याचा मोह होतो. ताशी ९० च्या तुलनेत तेव्हा हवेचा रोध दुपटीहून अधिक होतो आणि रेंज डोळ्यांदेखत उतरते, तेव्हा ११० ठीक. स्वित्झर्लंडच्या महामार्गांसाठी ४० फ्रँकचे वार्षिक विन्येट (रस्ता वापरण्याच्या शुल्काचे स्टिकर) विजेच्या गाडीलाही घ्यावे लागते, आणि अनेक जर्मन शहरांच्या मध्यभागी शिरण्यासाठी असलेले हिरवे पर्यावरण-स्टिकरही. गाडी उजव्या बाजूने चालवायची असल्याने पहिले दोन दिवस चार्जिंग स्टेशनमधून बाहेर पडताना शेजारी बसलेल्याने ‘उजवीकडे’ असे मोठ्याने म्हणावे. चुका भर रस्त्यात क्वचितच होतात, बहुधा अशा वळणांवर होतात.

प्रश्न : स्वतःची विजेची गाडी मुंबईहून रस्त्याने लंडनपर्यंत नेता येईल का?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : कौटुंबिक सुट्टीसाठी नेऊ नये, असेच सांगेन. अनेक देशांच्या सीमाशुल्कासाठी कार्नेट हे हमीपत्र काढावे लागते. चीनमध्ये आंतरराष्ट्रीय वाहन परवाना मानला जात नाही आणि तिथली चार्जिंगची गन जीबी-टी आहे, त्यामुळे आपल्या गाडीला हजारो किलोमीटर ॲडॉप्टरच्या भरवशावर राहावे लागेल. जहाजाने पाठवायची म्हटली तर लिथियम बॅटरीची गाडी धोकादायक मालाच्या नवव्या वर्गात मोडते आणि ती किती चार्ज असावी यावरही जहाज कंपन्या अटी घालतात. हौस सीमेपलीकडे स्वतःची गाडी नेण्याची असेल, तर भूतानचा विचार करावा. सीमेवरील फुंत्शोलिंग ते राजधानी थिंफू हे अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे, पण चढ सुमारे २००० मीटरचा. खोपोली-लोणावळ्याची तालीम त्यासाठीही करावी. भारतीय प्रवाशांना तिथे दर रात्री माणशी १२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावे लागते, ते खर्चात धरावे.