बाग-शंका : ब्रोमेलियाड (अननसाच्या कुळातली रोपं)

प्रश्न : एकमिया फॅसिआटा तीन वर्षांपासून आहे. पानं दणकट, पण फूल नाही. सफरचंद ठेवलं की फुलतं म्हणतात, ते खरं का? (पुणे)

खरं आहे, पण रोप वयात आलेलं हवं. पिल्लू (बुंध्याशी फुटणारं नवं रोप) वेगळं केल्यापासून साधारण दोन-तीन वर्षांचं. आधी पानं बघा. लांब, मऊ, लोंबती असतील तर उजेड कमी पडतोय किंवा नत्र जास्त झालंय. खत थांबवा, कुंडी सकाळच्या कोवळ्या उन्हात आणा.

मग मधोमध पानांचा जो पेला होतो, त्यातलं पाणी पूर्ण ओतून टाका. पिकलेलं सफरचंद कुंडीत बुंध्याशी ठेवा आणि रोपावर पारदर्शक प्लास्टिकची पिशवी घालून तोंड बांधा. 7 ते 10 दिवस सावलीतच ठेवा, उन्हात पिशवीतलं रोप शिजतं. सफरचंदातून निघणारा इथिलीन वायू फुलाचा इशारा देतो. अननसही याच कुळातला. त्याचे बागायतदार इथेफॉन (इथिलीन सोडणारं रसायन) देतात ते याचसाठी. दांडा दिसायला 6 ते 14 आठवडे लागतात. घाई करून लहान रोपावर हा खटाटोप केलात तर दांडा खुजा येतो आणि रोपही हातचं जातं, कारण एकदा फुललेलं रोप पुन्हा फुलत नाही. पिल्लं देऊन वाळतं. पिल्लू आईच्या निम्म्या उंचीचं झालं की बुंध्यालगत कापा, जखम दोन दिवस सुकवा, मग नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि कोळसा यांत उथळ लावा.

प्रश्न : टिलँडसिया झेरोग्राफिका पावसाळ्यात बुडाशी काळी पडली, पानं ओढली की हातात येतात. (रत्नागिरी)

गाभ्याची पानंही सुटत असतील तर ती गेली. ही मेक्सिको-ग्वातेमालाच्या कोरड्या रानात झाडांच्या फांद्यांवर वाढणारी जात. पाणी पितात ते पानांवरचे पांढरे खवले. मुळं फक्त धरून ठेवायला. भिजल्यावर चार तासांत सगळं रोप सुकलंच पाहिजे. कोकणातल्या दमट हवेत बेचक्यात पाणी राहतं आणि कूज तिथूनच सुरू होते. पावसाळ्यात छपराखाली टांगा, बुडवणं बंद. फवारलंच तर उलटी धरून झटका आणि पंख्याखाली ठेवा. बंद काचेचा गोळा दिसतो छान, पण या जातीला तो कोंडवाडाच. नवी घेताना रोपवाटिकेत वाढवलेलीच मागा. रानातून ओरबाडल्यामुळे तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्सचं (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबाबतच्या आंतरराष्ट्रीय कराराचं) नियंत्रण आहे.

प्रश्न : बुरशीसाठी बोर्डो मिश्रण चालेल का? पेल्यात डासही होतात. (ठाणे)

बोर्डो अजिबात नको, ते मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुन्याचं असतं. ब्रोमेलियाडला तांबं विषासारखं लागतं. बांधायला तांब्याची तारसुद्धा वापरू नका. डासांसाठी आठवड्यातून एकदा कुंडी आडवी करून पेला रिकामा करा, नळीच्या धारेने धुवा, मगच ताजं पाणी भरा. नुसती वरून भर घातलीत तर अळ्या तशाच राहतात.