असाइनमेंटला उशीर झाला म्हणून मार्क कापले, दाद मागावी का?

"मॅडम, अर्ज केला तर सर डूख धरतील का?" मार्कांची तक्रार घेऊन माझ्याकडे येणारी कॉलेजची मुलं हा प्रश्न विचारतातच.

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) आली, तेव्हा तिची झोप उडाली होती, जेवणावरची वासना गेली होती. 20 मार्कांच्या असाइनमेंटला सरांनी 16 दिले आणि उशिराबद्दल निम्मे कापून 8 केले. मुदत शुक्रवारी संध्याकाळी 5 ची. तिने सव्वाचारलाच गुगल क्लासरूमवर फाइल टाकली होती. मग आलेखाचं एक पान राहिल्याचं लक्षात आलं म्हणून सबमिशन मागे घेतलं, आणि नेमकं हॉस्टेलचं वायफाय गेलं. पूर्ण फाइल गेली सव्वासहाला. मागे घेतलेलं काम मुदतीनंतर पुन्हा दिलं, की आधी वेळेत दिलेलं असूनही क्लासरूममध्ये ते उशिराचंच दिसतं. तिला हे माहीत नव्हतं.

घरचे म्हणाले, "जाऊ दे, सरांशी वाकडं घेऊ नकोस." मैत्रिणी म्हणाल्या, थेट प्रिन्सिपॉलकडे जा. एका काकांनी तर टायफॉइडचं सर्टिफिकेट आणून द्यायची तयारी दाखवली. त्याला मी स्पष्ट विरोध केला. खोटा कागद अर्जाला जोडला की खऱ्या गोष्टीवरही कोणी विश्वास ठेवत नाही, आणि हिची बाजू तर खरी होती.

तिने लिहून आणलेला अर्ज तीन पानी होता. 'माझ्यावर अन्याय झाला', 'सर मुद्दाम करतात', 'माझं वर्ष वाया जाईल'. मी तिच्या हातात पेन्सिल दिली. ज्याचा पुरावा दाखवता येईल तेवढ्याच वाक्यांखाली रेघ मार, म्हटलं. तीन पानांत मोजक्या रेघा पडल्या: पहिल्या सबमिशनची वेळ, दुसऱ्याची वेळ, आणि सेमिस्टरच्या सुरुवातीला वर्गात वाटलेल्या सूचनापत्राचा उल्लेख. ते पत्र तिच्या फोनमध्येच होतं. उघडून वाचलं, तर 'उशिराच्या प्रत्येक दिवसाला एकूण गुणांच्या 10 टक्के कपात' असं त्यात छापलेलं. म्हणजे तिचे 2 मार्क जायला हवे होते, 8 नव्हे.

नवा अर्ज अर्ध्या पानात बसला. "मला उशीर झाला हे मान्य आहे. सूचनापत्राप्रमाणे 2 गुण कमी व्हायला हवेत, प्रत्यक्षात 8 झाले आहेत. कृपया फेरविचार व्हावा, ही विनंती." त्यातलं पहिलं वाक्य लिहायला ती तयारच होईना. कबूल केलं की हरलो, असं तिला वाटत होतं. माझं म्हणणं उलट होतं: उशीर मान्य केला की बोलायचा विषय कपातीचा आकडा एवढाच राहतो.

आणि डूख धरतील का? धरणार नाहीत अशी हमी मी कुणाला देत नाही. तोंडी परीक्षा त्याच सरांकडे असते, मुलांची भीती उगाच नसते. पण वर्गात कुजबुज होऊन ती सरांच्या कानावर जाण्यापेक्षा समोर जाऊन शांतपणे विचारलेलं कधीही बरं. आम्ही त्याचा सराव केला. मी सर झाले. "तुम्ही मार्क का कापले?" इथून सुरू झालेली ती हळूहळू "सर, कपात कशी मोजली ते समजून घ्यायचं होतं" इथवर आली.

सरांनी सबमिशनची हिस्टरी उघडून पाहिली, सूचनापत्र पाहिलं आणि 14 केले. निम्मे कापायची त्यांची जुनी पद्धत होती, म्हणाले. पूर्ण 16 मिळाले नाहीत म्हणून ती थोडी खट्टू झाली, पण मला 14 योग्यच वाटतात.

सरांनी ऐकलं नसतं तर विभागप्रमुख, आणि तिथेही दाद लागली नसती तर कॉलेजची विद्यार्थी तक्रार निवारण समिती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2023 च्या नियमांनुसार ती असावीच लागते आणि तिने शक्यतो 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर तो मिळाल्यापासून 15 दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे (विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेले ओम्बड्सपर्सन) अपील करता येतं. मात्र उत्तरपत्रिका पुन्हा तपासा एवढीच मागणी ते विचारात घेत नाहीत. निकालावर परिणाम करणारी ठोस अनियमितता किंवा भेदभाव दाखवावा लागतो. छापील नियम सोडून केलेली कपात अनियमितता म्हणून मांडता येते, म्हणून ते सूचनापत्र जपून ठेवा. अंतर्गत गुण विद्यापीठाकडे गेल्यावर दुरुस्ती फार किचकट होते, तेव्हा मार्क कळले की त्याच आठवड्यात अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.