लिनक्स-मॅकवरून विंडोजमध्ये शिरायचं तर लायसन्स कुठलं?

प्रश्न: माझा लॅपटॉप लिनक्सचा, टीममधल्या एकीचा मॅक. दोघांना घरून ऑफिसच्या विंडोज मशीनवर रिमोटने काम करायचंय. एक जण म्हणतो सगळं फुकटात होतं, दुसरा म्हणतो माणशी लायसन्स घ्यावं लागतं. खरं काय?

उत्तर: आधी हे सांगा, ऑफिसातलं ते मशीन साधा पीसी आहे की सर्व्हर? सगळी गोम तिथेच आहे, तुमच्या हातात लिनक्स आहे की मॅक याने काही फरक पडत नाही. लिनक्सवर रिमोटने जोडायचं रेमिना हे ॲप फुकट मिळतं, मॅकवर मायक्रोसॉफ्टचंच ॲप आहे (२०२४ पासून त्याचं नाव नुसतं 'विंडोज ॲप', आता हे शोधायचं कसं देव जाणे), तेही फुकट.

साधा पीसी असेल तर त्यावर विंडोज प्रो किंवा त्याच्या वरची एडिशन हवी, होम एडिशन बाहेरून आरडीपी (विंडोजची रिमोट जोडणी) घेतच नाही. आणि एका वेळी एकच जण. तुम्ही काम करताय आणि मॅकवाली तिच्या अकाउंटने आत आली की तुमच्या स्क्रीनवर विचारणा येते, चहा आणायला उठला असाल तर परत येईपर्यंत कनेक्शन गेलेलं. यावर एक सिस्टम फाइल बदलायचा जुगाड नेटवर सापडतो, चालतोही, पण तो लायसन्सच्या अटी मोडतो आणि अपडेट आलं की बहुतेकदा बंद पडतो, ऑफिसच्या मशीनवर तर अजिबात नको.

दोघांना एकदम काम करायचं तर विंडोज सर्व्हर. त्यात फुकटची दोन सेशन्स असतात पण ती फक्त ॲडमिनच्या देखभालीसाठी, त्यावर बसून रोजची बिलं करायची नाहीत. रोजच्या कामाला आरडीएस कॅल (सर्व्हरवर रिमोटने काम करायचं लायसन्स) लागतं, शिवाय सर्व्हर वापरायचं साधं कॅल वेगळं, आणि लिनक्सवाल्यालाही सूट नाही. पहिले १२० दिवस कॅलशिवाय चालतं म्हणून लोक निवांत राहतात आणि मग एके दिवशी लॉगिनच होत नाही. तुम्ही लॅपटॉप, मोबाइल दोन्हीवरून जोडणार असाल तर पर यूजर (माणशी) कॅल घ्या, शिफ्टमध्ये एकच कॉम्प्युटर चौघं वापरत असतील तर पर डिव्हाइस (मशीनमागे एक) परवडतं. व्हर्जन बघून घ्या, २०१९ चं कॅल २०२२ च्या सर्व्हरला चालत नाही, उलटं चालतं.

आणि ते काम लिनक्सवर होण्यासारखं असेल तर लिनक्स मशीनवर एक्सआरडीपी (बाहेरून आरडीपीने आत येऊ देणारं सॉफ्टवेअर) टाका, मॅकवरून त्याच ॲपने जोडता येतं आणि कॅलचा प्रश्नच येत नाही.