प्रारूप नको, गणित मांडा

प्रश्न असा आलाय : "कारखान्याच्या एका अहवालाचा अनुवाद करते आहे. विषय हायड्रोजन निर्मितीतलं 'एनर्जी कन्झम्प्शन मॉडेलिंग'. मी 'ऊर्जा वापराचे प्रारूप' असं लिहिलं, तर तपासणाऱ्यांनी त्याखाली लाल रेघ मारली. मॉडेलिंगला काय म्हणू? आणि कन्झम्प्शनला वापर, खर्च की व्यय?"

लाल रेघ योग्य जागी आहे. 'प्रारूप' हा शब्द सरकारी कागदांनी कधीच अडवून ठेवलाय. निवडणुकीआधी प्रारूप मतदार यादी लागते, तिच्यावर हरकती-सूचना मागवतात. प्रारूप विकास आराखड्याचंही तेच. त्यामुळे मराठी वाचकाला तुमचं प्रारूप म्हणजे कच्चा मसुदा वाटणार आणि तो अंतिम प्रतीची वाट बघत बसणार. 'आकृतिबंध' घ्यावा तर तो शासन निर्णयांत मंजूर पदांचा असतो. 'नमुना' तलाठ्याकडे, सात-बाराचा, शिवाय "काय नमुना आहे!" हे आहेच. नाम म्हणून उरतं 'गणिती प्रतिमान'. ते रुळलेलं आहे, खुशाल वापरा. नुसतं 'मॉडेल' लिहिलंत तरी माझी तक्रार नाही.

माझी तक्रार आहे ती पुढच्या पायरीवर, 'प्रतिमानीकरण' हे जे क्रियापदाच्या जागी बसवतात त्यावर. मराठीत यासाठी शाळेपासूनचा शब्द आहे : गणित मांडणं. पाच गवंडी भिंत किती दिवसांत बांधतील, हे सोडवण्याआधी मांडावं लागायचं, आणि मांडणीच चुकली की पुढचे गुणाकार-भागाकार बरोबर येऊनही उपयोग नसायचा. मॉडेलिंग म्हणजे तेच. काय धरायचं, काय सोडायचं, कशाचा कशाशी संबंध लावायचा, हे ठरवणं. आकडे घालून उत्तर काढणं ही नंतरची गोष्ट.

तुमच्याच विषयात हे करून बघू. विजेने पाण्याचं अपघटन करून हायड्रोजन काढायचा असेल, तर एक किलो वायूसाठी विद्युतघटातून किती विद्युतभार जायला हवा हे निसर्गानेच ठरवलेलं आहे. त्यामुळे मांडणी सोपी होते : एका घटावर जितके व्होल्ट, त्याला साधारण २६.६ ने गुणा, आले किलोमागचे युनिट. युनिट म्हणजे आपल्या वीजबिलातलंच. उष्णता वाया जातच नाही असं मानून १.४८ व्होल्ट धरले तर ३९.४ युनिट. प्रत्यक्षात घट १.९ व्होल्टच्या आसपास चालत असेल तर साडेपन्नास. थोडा भार भलतीकडे जातो, त्याची दुरुस्ती करा. मग रेक्टिफायर (एसी विजेची डीसी करणारा), पंप, चिलर आणि कॉम्प्रेसर यांचा भाग वर मिळवा. घट जुने होतात तसे व्होल्ट चढतात, तेही धरा. आता या परिच्छेदात 'प्रतिमानीकरण' कुठे घालावंसं वाटलं का?

आता वापर की खर्च. 'खप' टाळा, तो आता वर्तमानपत्राचा आणि साबणाचा. 'व्यय' व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, पण तो अर्थसंकल्पात शोभतो. 'खर्च' म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे रुपये येतात. त्याहून मोठी अडचण अशी, की खर्च झालं ते गेलं. इथे ५२ युनिट घातले तर त्यातले ३९.४ वायूतच बसलेले असतात. जाते ती उरलेली ऊर्जा, मुख्यतः उष्णता होऊन. या गेलेल्याला मी 'घट' म्हटलं असतं. सोनाराकडची, गिरणीतल्या दळणातली घट. पण विद्युतघटातला 'घट' शेजारीच बसलाय, गोंधळ होईल. तेव्हा 'तूट' म्हणा. आणि एकूण आकड्यासाठी नाम शोधूच नका, क्रियापद वापरा : किलोमागे ५२ युनिट लागतात. 'लागणे' या क्रियापदात वापर, गरज आणि हिशेब तिन्ही येतात.

टक्के लिहिताना मात्र सावध. त्याच ५२ युनिटांची कार्यक्षमता एका पानावर ७६ टक्के आणि दुसऱ्या पानावर ६४ टक्के दिसू शकते, आणि दोन्ही बरोबर असतात. हायड्रोजन जळून झालेली वाफ थंड होऊन पाणी झाली असं धरलं तर किलोत ३९.४ युनिट, हे उच्च उष्णतामूल्य; वाफच राहिली असं धरलं तर ३३.३, हे निम्न. मूळ अहवालात 'उच्च' किंवा 'निम्न' उष्णतामूल्य असा शब्द असेल तर तो अनुवादात गाळू नका. विशेषण म्हणून उडवलंत तर आकडाच खोटा पडतो.

अहवाल नैसर्गिक वायूच्या पद्धतीचा असेल तर आणखी एक खोच आहे. अलिबागजवळ थळच्या खत कारखान्यात अमोनियासाठी लागणारा हायड्रोजन निघतो तो नैसर्गिक वायूपासूनच. तिथे मिथेन, म्हणजे या वायूतला मुख्य घटक, कच्चा मालही असतो आणि भट्टीतलं जळणही. खवा करताना दूध वेगळं, सरपण वेगळं. इथे दोन्ही एकच. म्हणून 'वायूचा वापर' एवढ्यावर भागवू नका, 'मालात गेलेला' आणि 'जाळलेला' असं वेगळं लिहा. आणि कृपा करून रिफॉर्मिंगचं, म्हणजे वाफेच्या मदतीने मिथेनमधून हायड्रोजन काढण्याचं, 'सुधारणा' करू नका. 'मिथेनची वाफेद्वारे सुधारणा' वाचलं की आगरकर मिथेनला चार गोष्टी सुनावताहेत असं चित्र उभं राहतं. रिफॉर्मिंगच ठेवा.

शीर्षक हवं असेल तर 'हायड्रोजन निर्मितीला लागणाऱ्या ऊर्जेची गणिती मांडणी'. ताजा कलममध्ये 'उद्जन' लिहू का असं विचारलंयत. शब्द देखणा आहे, उद म्हणजे पाणी, त्याला जन्म देणारा. मूळ ग्रीक घडणही हीच. पण २०२३ साली राज्य सरकारने धोरण आणलं तेही 'हरित हायड्रोजन' नावानेच, आणि टाकीवर रंगवणारा पेंटरही हायड्रोजनच रंगवतो.